बिनहाडाचा चिंकारा

गोरोबा देवकत्याच्या दारातल्या लिंबाला सकाळपासून एक पिशवी लटकत होती आणि तिच्याखाली वस्तीवरची सात कुत्री वर माना करून बसली होती. पिशवी घरात घ्यायला गजराबाईनं साफ नकार दिला होता. "ह्यो वास घरात आला तर म्या माहेरी निघून जाईन," असं ती म्हणाली. माहेरी आता तिचं कुणीही उरलं नव्हतं. तरी ती म्हणाली, यावरून वासाचा अंदाज यावा.

पिशवी पाठवली होती लेकीनं. सृष्टी ही गोरोबाची एकुलती एक पोर. नर्सिंग शिकली आणि पार रत्नागिरीकडं, समुद्राकाठच्या एका उपकेंद्रात लागली. नोकरी सरकारी, कायमची. गोरोबानं गावभर पेढे वाटले. आपण नेमकं काय वाटून बसलो, हे त्याला पेढे संपल्यावर कळलं. दीड वर्ष झालं, पोर घरी आली नव्हती. दिवाळीला तिकडं तापाची साथ आली, संक्रांतीला लसीकरण आलं, आणि आता उन्हाळ्यात तिच्या जोडीची बाई बाळंतपणाला गेली. रजेचा अर्ज दर वेळी वर जाई आणि नामंजूर होऊन खाली येई.

राहिला फोन. तेरखेड्यापासून दोन कोस आत असलेल्या त्यांच्या वस्तीवर रेंज नव्हती. ती होती माळावरच्या एका टेकाडावर. रोज दिवस कलला की गोरोबा मेंढरं वळवून त्या टेकाडावर चढे, फोन कानाला लावे आणि अशा आवाजात बोले की फोन नसता तरी रत्नागिरीला ऐकू गेलं असतं, असं लोक म्हणत.

पण बापलेकीनं रोज बोलायचं तरी काय? जेवलीस का, जेवले. झोप लागती का, लागती. लग्नाचा विषय काढला की तिकडची रेंज जायची. मग एक दिवस गोरोबाच्या तोंडून निघून गेलं, "आज तुझे चार आले होते बाई खालच्या ओढ्यापोत्तर." तुझे म्हणजे चिंकारे. लहानपणी सृष्टी बापाच्या मागं मेंढरांत जायची ती चिंकारे बघायलाच. ते ऐकलं आणि पलीकडून पोरीचा आवाज एकदम लहान झाला. दुसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "आबा, आमच्याकडं आज जाळ्यात पाकट आलं होतं."

"पाकट म्हंजी?"

"मासा. पण माशावानी न्हाय दिसत. सुपासारखा चपटा. पाण्यात पंख हलवत उडल्यागत जातोय."

"माझा चिंकारा पळाया लागला तर पाय भुईला लागत न्हाईत."

"माझ्या पाकटाला पायच न्हाईत."

"चिंकाऱ्याला शिंगं हायती."

"पाकटाच्या शेपटीला इखारी काटा हाय."

"चिंकारा पाण्याबिगर कैक दिस काढतो. पाल्यातल्या ओलीवर भागवतो."

"पाकटाचं पाण्याभाईर भागत न्हाय आबा."

"मग तुझं पाकट काय आपल्या मुलखात यायचं न्हाय," गोरोबा म्हणाला, आणि मेंढरांचं निमित्त काढून त्यानं फोन ठेवला.

हा रोजचा खेळ झाला. तिनं पाकटाचं एक सांगायचं, यानं चिंकाऱ्याचं एक. अशातच एके दिवशी सृष्टी म्हणाली की पाकटाला हाडंच नसतात. गोरोबा उसळला. "साठ वर्सं जनावरात काढली म्या. बिनहाडाचं जितराब? थापा मारती का बापाला?"

"पाठवूनच देते. बघा खाऊन."

आणि तिनं खरंच पाठवलं. बीडला निघालेल्या आंब्याच्या टेम्पोवाल्यापाशी मीठ लावून वाळवलेल्या पाकटाच्या फाकी दिल्या. मे महिन्याच्या उन्हात दोन दिवस प्रवास करून ती पिशवी तेरखेड्याच्या फाट्यावर उतरली तेव्हा टेम्पोवाल्यानं गोरोबाला रामराम घालायलासुद्धा काच खाली केली नाही.

फाकी होत्या तांबूस काळ्या, लांबट, रेषारेषांच्या. बघणाऱ्याला वाटावं, वाळवलेलं मटण. गोरोबा पिशवी झाडाला टांगून तडक टेकाडावर गेला. तिथं कोंडाबाई शेण गोळा करत होती. कोंडाबाई शेजारची. कानानं तिखट, जिभेनं त्याहून. तिला फोनचं एकच अंग ऐकू आलं.

"मिळालं गं बाई! ... व्हय, चांगलं वाळलंय कडक... न्हाय न्हाय, अजून कुणाला बोललो न्हाय... आगं, कुठं चिंकारा अन् कुठं हे, पर दिसतंय झकास... तुझी माय घरात घिऊ दीना, लिंबाला टांगलंय... शिजिवतो, अन् हाड लागलं तर सांगतो!"

चिंकारा, वाळवलंय, टांगलंय, कुणाला बोललो न्हाय. कोंडाबाईला यापेक्षा कमी सामानातही संसार उभा करता येत असे. तिनं शेणाची पाटी अर्धी सोडली आणि ती गावात गेली.

दुपारपासून गोरोबाकडं माणसं यायला लागली. एरवी पाणी प्यायलाही न थांबणारी माणसं बाजेवर टेकून लिंबाकडं बघत हवापाण्याचं बोलू लागली.

"आबा, समजलं आमाला."

"काय?"

"झाडावरचं."

"ते व्हय? मासा हाय त्यो. सृष्टीनं धाडलाय."

पाहुण्यानं डावा डोळा मिटला. "बराबर. कुणी इचारलं तर मासाच म्हणायचं. आमीबी मासाच म्हणू. तेवढा एक वाटा आपल्यालाबी ठिवा माशाचा."

गोरोबानं शपथ घेतली तर लोकांनी त्याच्या हुशारीचं कौतुक केलं. त्यानं पिशवी उघडून दाखवली तर लोकांनी हळू आवाजात विचारलं, शिंगं कुठं पुरली. दिवस मावळेस्तोवर पंचक्रोशीत 'मासा' या शब्दाचा अर्थ बदलून गेला होता. तेरखेड्याहून एकजण मोटरसायकलवर मुद्दाम विचारायला आला, मासा उरलाय का, आणि उरला असेल तर नर होता का मादी.

शेवटी स्वतः हिंमतराव आले. माजी सरपंच. आजी नसले तरी मान आजीसारखाच लागे. त्यांनी बाजेवर मांडी ठोकली आणि सरळ विषयाला हात घातला.

"गोरोबा, मागचा पाय आपल्याला."

"पाय न्हाईत त्याला."

"बरं, फुडचा दे."

"हिंमतराव, आवं पायच नसत्यात! मासा हाय!"

हिंमतरावांच्या मिशा थरथरल्या. "समद्या गावाला मासा, अन् मलाबी मासाच? येवढी वर्सं एका ताटात जेवलो, त्याची ही किंमत?" ते उठले, धोतर झटकलं आणि मागं न बघता गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला वनखात्याची मोटरसायकल दारात उभी राहिली. वनपाल गुरुसिद्धप्पा मूळचे मुरुमचे. निवृत्तीला आठ महिने राहिलेले, कपाळाला विभूती, काखेत वही. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या वाट्याला सरपणाच्या मोळ्या आणि वणवे सोडून काही आलं नव्हतं. समुद्र त्यांनी फक्त कॅलेंडरवर बघितला होता. त्यांनी लिंबाकडं बघितलं, कुत्र्यांकडं बघितलं, रुमाल नाकाला लावला आणि वही उघडली. पंच म्हणून कोंडाबाई आणि हिंमतराव आधीच हजर होते.

"काका, चिंकारा मारला तर सात वर्षांपर्यंत आत जावं लागतं. माहिती आहे ना?"

"म्या कशाला मारू साहेब? रोज बघतो त्येंना. पाकट हाय ते, मासा."

हिंमतराव मोठ्यानं खोकले. "साहेब, समदं गाव त्याला मासाच म्हणतंय कालपासनं."

गुरुसिद्धप्पा सचोटीचे होते. त्यांनी पानाच्या मधोमध पट्टीनं रेघ ओढली. डावीकडं लिहिलं 'चिंकारा', उजवीकडं 'कथित मासा'. दोन्हींची तुलना झाल्याशिवाय ते कुणालाही गुन्हेगार ठरवणार नव्हते.

"डावं मला पाठ आहे. उजवं सांगा. तोंड?"

"खालच्या अंगाला."

"डोळे?"

"वरच्या."

"म्हणजे खातो ते त्याला दिसत नाही?"

"पोरगी सांगती ते सांगतो साहेब. म्या कुठं बघितलंय?"

"खवले?"

"न्हाईत. कातडं हाय."

गुरुसिद्धप्पांचं पेन जरा थबकलं. "अंडी किती घालतो?"

"अंडी न्हाय घालत. पिल्लं घालतो."

"मासा पिल्लं घालतो?"

"ह्यो घालतो."

"आता बोला!" हिंमतरावांनी मांडीवर थाप मारली. "कातडं हाय, पिल्लं घालतंय. चिंकारा नव्हं तर काय मग?"

गोरोबाला घाम फुटला. उजवीकडं जितकं लिहावं तितकं ते प्रकरण चिंकाऱ्याकडंच सरकत होतं. शेवटचा उपाय म्हणून तो म्हणाला, "साहेब, धाडणारीलाच इचारा की."

मग सगळी मंडळी टेकाडावर निघाली. पुढं आरोपी, मागं वनपाल, त्यांच्या मागं पंच, आणि हिंमतरावांच्या हातातल्या पुराव्यामागं सात कुत्री. फोन लागला. सृष्टीनं सगळं ऐकून घेतलं. आधी ती हसली, मग घाबरली, मग बापाच्या नावानं वही उघडलीय हे कळल्यावर रागावली.

"साहेब, ते पाकटच आहे. मी स्वतः पॅक केलंय."

"असेल ताई. पण फोनवरचं कागदावर चालत नाही. पाठवणाऱ्याचा जबाब समोर लागतो. सही लागते."

"समोर म्हणजे? मला यावं लागेल?"

"यावं लागेल."

मग सृष्टी बोलली तेव्हा तिच्या आवाजातला राग कुठल्या कुठं गेला होता. "तसं पत्र द्याल का साहेब आमच्या डॉक्टरांच्या नावानं? सहीशिक्क्याचं? मोबाईलवर धाडलं तरी चालेल."

"देऊ की."

"मग येते मी. परवा दुपारपर्यंत पोचते. आबांना सांगा."

सांगायची गरज नव्हती. गोरोबा शेजारीच उभा होता. पण 'येते मी' एवढं ऐकून तो तिथल्या एका धोंड्यावर मटकन बसला. हिंमतरावांना वाटलं, गुन्हेगार खचला.

घरी मात्र वेगळंच चाललं होतं. ज्या घराच्या मालकावर केस झाली होती, त्या घरात गजराबाईनं दुपारीच भिंती सारवायला काढल्या. हरभऱ्याची डाळ निवडली, शेंगा भाजल्या, पोरीची वाकळ उन्हात टाकली. कोंडाबाई सांत्वनाला आली, तर गजराबाई तिला म्हणाली, "सांत्वन मागनं कर, आधी ह्यो उखळातला मसाला कुटू लाग."

दुसऱ्या दिवशी सकाळीच गुरुसिद्धप्पा पुन्हा आले. या वेळी हसत. नमुना म्हणून नेलेली फाक त्यांनी ऑफिसात कोमट पाण्यात भिजत घातली होती. ती पंख्यासारखी उलगडली. मधे एक हाड नाही, सगळं कानाच्या पाळीसारखं लवचिक.

"काका, सुटलात! मासाच आहे. शिवाची कृपा. आता तुमच्या लेकीला कळवून टाकतो, येऊ नका म्हणून."

गोरोबाचा चेहरा पडला. त्यानं गजराबाईकडं बघितलं. ती दारात ओल्या हातानं तशीच उभी राहिली होती.

"साहेब," गोरोबा म्हणाला, "येवढी घाई बरी न्हाय."

"घाई?"

"एका तुकड्यात हाड न्हवतं. बाकीच्यात असंल. ह्या माळावर चिंकारे लई हायती, कुणी सांगावं?"

"अहो, काल तुम्हीच म्हणत होता ना मासा आहे म्हणून?"

"आरोपीच्या बोलण्यावर इस्वास ठिवायचा असतो व्हय साहेब? नीट तपास करा. कायदा हाय शेवटी."

"व्हय साहेब," दारातून गजराबाई म्हणाली. "ह्येंच्या बोलण्याचं काय खरं नसतंय. लग्नात बारा एकर सांगितली हुती. निघाली चार."

गुरुसिद्धप्पा वही उघडी धरून दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिले. हातापाया पडून केस मिटवायला सांगणारे आरोपी त्यांनी बघितले होते. केस चालू ठेवा म्हणून गयावया करणारा हा पहिलाच.

"तुमचं नेमकं म्हणणं काय आहे?"

"लेकीचा जबाब झाल्याबिगर आमचं समाधान व्हायचं न्हाय," गोरोबा म्हणाला. "पत्र धाडलंय तुमी. सहीशिक्क्याचं. ते खोटं पडंल."

सहीशिक्क्याचं पत्र खोटं पडणं गुरुसिद्धप्पांना परवडणारं नव्हतं. त्यांनी डोकं खाजवलं आणि लिहिलं, 'पाठवणाऱ्याचा जबाब बाकी.' जाताना म्हणाले, "शुक्रवारी येतो. पाच मिनिटांचं काम. सही झाली की प्रकरण बंद."

गुरुवारी गोरोबा सकाळी आठपासून तेरखेड्याच्या फाट्यावर उभा होता. नऊ गाड्या गेल्या. प्रत्येक गाडीला तो दोन पावलं पुढं होई आणि गाडी निघून गेली की तेवढीच मागं येई. दहाव्या गाडीतून सृष्टी उतरली. वाळली होती, रंग उन्हानं रापला होता, केस कापले होते. दीड वर्षात बोलायचं कितीतरी साठलं होतं, पण गोरोबाच्या तोंडातून निघालं ते एवढंच, "पिशवी दे हिकडं."

संध्याकाळी दोघं माळावर गेले. मेंढरं चरत होती. ओढ्याच्या कडेला चिंकारे उभे होते. त्यातल्या एकानं पाय आपटला, शिंकल्यासारखा आवाज केला आणि पुन्हा मान खाली घातली. सृष्टीनं बोटानं मोजले.

"आबा, पाच हायती. तुमी फोनवर चारच म्हणायचे."

"पाडस हाय ते. महिना झाला."

"सांगितलं न्हाय कधी?"

"तू आल्यावर दावायचं म्हणून ठिवलं हुतं," गोरोबा म्हणाला.

सृष्टी बराच वेळ त्या पाडसाकडं बघत राहिली. मग पदराला लागलेली कुसळं काढावीत तसं काहीतरी ओढणीवरून काढत म्हणाली, "डॉक्टर लई कडक हायती आबा. म्हणले, जबाब झाला की त्याच दिवशी गाडी धरायची."

गोरोबानं मेंढरांना उगाच हाळी दिली. साहेब उद्याच येणार आहेत, हे त्याला सांगवेना.

त्या रात्री गजराबाईनं चूल बाहेर मांडून काळ्या मसाल्यात पाकट शिजवलं. वाटा मागून गेलेले सगळे आले. हिंमतरावांना बोलावणं धाडलं नव्हतं, ते आले. सृष्टीनं प्रत्येकाला ताटात वाढताना सांगितलं की हा मासा आहे, असा असा असतो, याला पाकट म्हणतात. माणसं माना डोलवत जेवली. हिंमतरावांनी तिसऱ्यांदा वाढून घेतलं, बोटं चाटली आणि हात धुताना गोरोबाच्या कानाशी लागून म्हणाले, "मासा झकास हुता बरं का. लई वर्सांनी खाल्ला." आणि डावा डोळा मिटला.

शुक्रवारी गोरोबानं सकाळची भाकर तशीच ताटात ठेवली. पोर सकाळपासून आईच्या पाठीमागं फिरत होती. तिच्याकडून भाकऱ्या थापून घेत होती, तिच्या पायाला तेल चोळत होती, हसत होती. गोरोबा बांधावर जाऊन बसला. अकराच्या सुमाराला लांबून मोटरसायकलचा आवाज आला. साहेब वेळेचे पक्के. आता पाच मिनिटं, एक सही, आणि दुपारची गाडी. तो उठला आणि जड पावलांनी घराकडं आला. पोरीला आपल्याच तोंडानं सांगावं, एवढाच विचार त्यानं केला होता.

पण सृष्टी घरात नव्हती. गजराबाई उंबऱ्यात सूप घेऊन बसली होती. गुरुसिद्धप्पांनी गाडी लावली, वही काढली.

"ताई कुठं आहेत? जबाब घेऊन टाकू."

गजराबाईनं सुपातनं मान वर केली नाही. "ती न्हाय घरी साहेब. मेंढरं घिऊन माळावर गेली. कवा येतीय, काय सांगावं."

गोरोबा चमकून बायकोकडं बघायला लागला. घराला लागूनच मेंढरांचं वाडगं होतं, काटेरी कुंपणाचं. त्यात बेचाळीसच्या बेचाळीस मेंढरं उभी होती. त्यातलं एक ओरडलं. त्याला दुसऱ्यानं साथ दिली. मग सगळीच ओरडायला लागली.

गजराबाई पाखडत राहिली. गोरोबानं आभाळाकडं बघितलं. गुरुसिद्धप्पांनी वाडग्याकडं बघितलं. मेंढरांच्या पाठींमधून गुलाबी ओढणीचं एक टोक दिसत होतं, आणि ते दिसता दिसता खाली ओढलं गेलं.

वनपालसाहेबांनी आपल्या वहीकडं बघितलं. मग ती हळूच मिटली.

"बरं," ते म्हणाले. "उद्या-परवा सुट्टी आहे. सोमवारी येतो." गाडीला किक मारून ते निघाले, आणि चार पावलांवर थांबून मागं वळले. "ताईंना सांगा, सोमवारी माळावर जाताना मेंढरंसुद्धा सोबत न्यावीत."

गाडी वळणापलीकडं गेली, धूळ बसली, तरी गोरोबा तिथंच उभा होता. मग वाडग्यातून, मेंढरांच्या गलक्यातून आवाज आला.

"आबा, गेले का? कवा येतो म्हणले?"

"सोमवारी," गोरोबा म्हणाला. त्यानं वाडग्याच्या तोंडाची काटी बाजूला सारली. "तीन दिस हायती बाई. ये भाईर."